डाव्या सीटला ॲक्सिलरेटर नसतो

ओळखीत कुणाला गाडी घ्यायची असली की फोन मला येतो. मी गाड्या विकत नाही, दुरुस्तही करत नाही. लातूरला एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी लेडीज बॅच घ्यायचे, एवढंच. तरी लोकांना वाटतं, जिनं अख्ख्या गावातल्या बायकांना क्लच सोडायला शिकवलं, तिला गाडी निवडताही येत असणार. हा गैरसमज मी कधी दूर केला नाही. फुकटचा मान मिळतो आणि शोरूममध्ये चहा बरा मिळतो.

ज्यांनी शिकवायची गाडी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिकणारी बाई उजवीकडे बसते. तिच्या पायाशी क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. मी डावीकडे. माझ्या पायाशी क्लच आणि ब्रेक. बस. डाव्या सीटला ॲक्सिलरेटर नसतो. थांबवायची सगळी सोय माझ्याकडे, पळवायची काहीच नाही. अशा सीटवर मी वीसेक वर्षं बसले. उजवा पाय सदानकदा ब्रेकच्या वर, दोन बोटं अंतर ठेवून. टेकवायचा नाही, नाहीतर शिकणारीला वाटतं गाडी आपणच थांबवली. लांबही न्यायचा नाही, कारण लातूरच्या रस्त्यावर कोण कुठून येईल याचा नेम नसतो. क्लासेस सुटायच्या वेळी तर सायकली, स्कुट्या आणि ऑटो यांचा असा काला होतो की माझा पाय ब्रेकवरून हलतच नसे.

आणि माझा एक शब्द होता, 'पाय!' "ताई, ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचला" असं पूर्ण वाक्य बोलेपर्यंत समोरच्या ऑटोचा मागचा भाग आपल्या मांडीवर येतो. म्हणून फक्त 'पाय!' ओरडायचं. पुढे पुढे बायका मला 'पाय मॅडम' म्हणू लागल्या. आजही लातूरला गेले की गंजगोलाईच्या बाजारात भाजी घेताना मागून कुणीतरी 'पाय!' असं ओरडतं आणि मी जागच्या जागी थबकते. वळून बघावं तर जुनी कुणीतरी पदर तोंडाला लावून हसत असते.

एकदा डाळमिलच्या रस्त्यावर बँकेतल्या एक मॅडम गाडी चालवत होत्या. घरात आणि बँकेत त्यांचा दरारा, पण गिअर बदलताना डोळे मिटायच्या. मिलच्या फाटकातून तुरीनं भरलेला ट्रक उलटा बाहेर आला. मी 'पाय!' म्हणाले. बाईंनी घाबरून पाय उचलायच्या ऐवजी ॲक्सिलरेटर तळाला नेला. मी क्लच आणि ब्रेक दोन्ही गच्च धरले. गाडी जाग्यावर उभी आणि इंजिन मात्र ठणाणा बोंबलतंय. पुढे जायचा हट्ट त्यांच्या पायात, न जाऊ द्यायचा माझ्या. ट्रकवाला खाली उतरून काचेशी आला आणि अगदी मायेनं म्हणाला, "मॅडम, गाडी कामून रडून राहिली?" बाई त्यानंतर डोळे उघडे ठेवून शिकल्या. फार छान चालवतात आता.

तर गाडी निवडायला माणसं मला न्यायची. मी गाडीकडे कमी आणि घेणाऱ्याकडे जास्त बघायचे. रोजचा रस्ता कोणता, बिघडली तर दुरुस्त करणारा किती लांब, पार्ट गावात मिळतो की हैदराबादहून मागवावा लागतो, हे विचारायचे. मजा येते का, असं मी विचारत नसे आणि लोकही विचारत नसत. आपल्याकडे मजेला 'पिकअप' म्हणतात. "पिकअप कसाय?" असं विचारलं की समजायचं, माणसाला शौक आहे पण बायकोसमोर बोलता येत नाही.

उदगीरचे एक आडत व्यापारी मुलाला घेऊन आले होते. म्हणाले, "मॅडम, पोराला स्पोर्टी पायजे, मला एव्हरेज पायजे. दोन्ही एकात बसंल अशी सांगा." शोरूमवाल्यानं त्यांना मागच्या दारावर 'स्पोर्ट' लिहिलेली छोटी गाडी दाखवली. सीटला लाल दोऱ्याची शिलाई, आरसे काळे, बाजूनं एक पट्टा. बॉनेटखाली मात्र तेच साधं इंजिन, जे विनापट्ट्याच्या गाडीत असतं. मी व्यापाऱ्यांच्या कानात सांगितलं, "ही नुसती कपडे घातलेली आहे हो." त्यांनी लगेच घेतली. महिन्यानं मुलगा कुरकुरला, "बाबा, ही पळत न्हाई." बाप म्हणाला, "पळत न्हाई म्हणूनच घेतलीया." बाप आजही मला दिवाळीला फोन करतो. मुलगा करत नाही.

प्रज्ञा मात्र माझं ऐकणारी नव्हती. ती लातुरात नर्सिंग शिकत असताना माझ्याकडे गाडी शिकली. हात हलका, डोकं शांत, फक्त पाय जड. मग तिची नेमणूक नांदेड जिल्ह्यात इस्लापूरच्या सरकारी दवाखान्यात झाली. माझी थोरली बहीण, अक्का, इस्लापूरलाच दिलेली, त्यामुळे प्रज्ञाची खबरबात मला मिळत राहायची. गाडी घेताना तिनं मला विचारलं. मी सांगितलं, साधी पांढरी घे, जिचा पार्ट हिमायतनगरच्या टपरीतही मिळतो. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि लाल टर्बो घेऊन आली.

टर्बो म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट समजून घ्यावं लागलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्यामुळे लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. पण पंख्याला जोर यायला वेळ लागतो, आणि तो नाजूक असतो. ऑइल वेळेवर बदललं नाही तर रुसतो. शिवाय अशा गाडीचे स्प्रिंग कडक, टायर पातळ. गावकऱ्यांनी स्वतः मुरूम टाकून केलेले ब्रेकर तिला पोटाशी लागतात. मी प्रज्ञाला फोनवर हे सगळं वाचून दाखवल्यासारखं ऐकवलं. ती म्हणाली, "मॅडम, एकदा चालवून बघा ना." मी म्हणाले, मला वेळ नाही.

मग मी निवृत्त झाले. आम्ही नांदेडला राहायला आलो, कारण आमच्या यांचं घर नांदेडचं. हे म्हणजे गौतमराव, माझे यजमान, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. इतकी वर्षं मी गाडी शिकवली आणि यांनी गाड्या दुरुस्त केल्या, पण घरात स्वतःची चारचाकी कधी नव्हती. आता पहिली घ्यायची ठरली. वय बघता तीच शेवटची.

कारणही तसंच झालं. अक्काच्या उजव्या डोळ्याचा पडदा बिघडला. डॉक्टरांनी महिन्यातून एकदा डोळ्यात इंजेक्शन सांगितलं आणि तारीख चुकवू नका असं बजावलं. तारीख चुकली की नजर जाते, ती परत येईलच असं नाही. डाव्या डोळ्यानं तिला आधीच कमी दिसतं. इस्लापूरहून नांदेडला यायला रेल्वे आहे, एसटी आहे, पण त्यांची वेळ आणि डॉक्टरांची वेळ यांचं कधी जमत नाही. म्हणून गाडी घ्यायची, ती अक्काच्या डोळ्यासाठी. रस्त्यात बंद पडणारी चालणार नाही, हे तर लहान पोरालाही कळेल.

यांनी ओळखीतल्याची एक जुनी पांढरी गाडी शोधून काढली. एकाच मालकाच्या हातची, स्वच्छ, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. त्याच आठवड्यात प्रज्ञाचा फोन आला. घरी सासूसासरे राहायला आले, मोठी गाडी घ्यायची आहे, लाल कुणाला द्यावी?

मी म्हणाले, "विचारून सांगते." पण खरं सांगते, मला ती लाल हवी होती. पहिल्या दिवशी प्रज्ञा आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानाला गोल फेरी मारून ती दाखवून गेली, तेव्हापासून हवी होती. वीस वर्षं जिनं लोकांना 'पार्ट मिळतो का' विचारलं, तिनं हे कुणाला सांगायचं?

यांना सांगितलं. यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सुमन, तुला बी पिकअप पायजे व्हय?"

ठरलं असं की दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवून बघायच्या. अक्का इंजेक्शनसाठी आलेली होतीच, ते आदल्याच दिवशी झालं होतं. मी चालवणार, हे आणि अक्का मागे. भोकर रोडला गाव संपलं की रस्ता मोकळा होतो, तिथे जायचं.

आधी पांढरी चालवली. ठीक होती. मग प्रज्ञानं आणलेली लाल. प्रज्ञा डावीकडे बसली, मी चावी फिरवली. निघालो. दुसरा गिअर, तिसरा, चौथा. आणि काहीच नाही! पांढरीसारखीच. उलट ब्रेकरवर जरा जास्तच आदळली. मागून अक्का ओरडली, "अगं माझं कंबरडं!" मी गाडी बाजूला घेतली. फार निराश झाले. म्हणजे प्रज्ञाचं सगळं कौतुक पट्ट्याचंच की काय?

हे मागून म्हणाले, "झालं. पांढरी फायनल."

प्रज्ञा माझ्या पायाकडे बघत होती. "मॅडम, तुम्ही दाबून राहिल्यात कुठं? टेकवताय आन् उचलताय. ऑटो दिसला की उचलला, म्हैस दिसली की उचलला. आत्ता तर झाड दिसलं तरी उचलला तुम्ही."

"झाड कुठं?"

"ते काय. रस्त्याच्या कडंला, शंभर पावलांवर."

मी खाली बघितलं. गाडी बंद होती, उभी होती, आणि माझा उजवा पाय ब्रेकच्या वर होता. दोन बोटं अंतर ठेवून. वीस वर्षांची सवय, कुणाला विचारून जाते का? अशा पायानं जगातली कुठलीही गाडी चालवली तरी ती सारखीच लागणार. लालच्या पंख्याला जोर यायच्या आत मी त्याचा गळा दाबत होते. मला हसू आलं आणि थोडं रडूही आलं. शौक आणि भरोसा यांच्यातून निवड करायला निघालेल्या बाईला शौकाची चवच माहीत नव्हती.

"चला," प्रज्ञा म्हणाली. "मी सांगते तसं करा. पुढं रस्ता मोकळा हाय, मी बघून राहिले. तुम्ही फक्त पाय ठेवा."

मी निघाले. तिसऱ्या गिअरला पाय आपोआप वर आला.

"पाय!" प्रज्ञा ओरडली.

माझाच शब्द, माझ्याच सुरात. फक्त अर्थ उलटा. मी ठेवला पाय. एक क्षण काही झालं नाही. मग गाडीनं श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि कमरेत कुणीतरी हलकेच ढकललं. पाठ सीटला टेकली. स्टेअरिंग हातात घट्ट झालं, वळणावर जिथे बघितलं तिथे गाडी आपणहून निघाली. वेग फार नव्हता हो, नियमातच होते मी. पण तो वेग माझा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची गाडी थांबवत नव्हते. लहानपणी नदीवर उताराला पळत सुटायचो, तसं छातीत झालं.

परत आल्यावर मी हट्टानं पांढरी पुन्हा चालवली, पाय ठेवून. बिचारी होईल तेवढं करत होती, पण तिच्यात ते नव्हतं. सकाळी दोन्ही सारख्या होत्या तेव्हा निवड सोपी होती. आता अवघड झाली. एकीकडे अक्काचा डोळा आणि एकीकडे माझा पाय.

घरी जेवताना यांनी अगदी शांतपणे सांगितलं. लालखाली जाऊन बघितलं आहे, गाडी चांगली राखली आहे, ऑइल वेळच्या वेळी बदललं आहे. "पर सुमन, हिच्यात तारा आन् सेन्सर लई. एक सेन्सर गेला की हैदराबादहून येईस्तोवर बसून ऱ्हावं लागतंय. त्या दिवशी अक्काची तारीख असली तर?"

मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "पांढरी घेऊ." आणि मनापासून म्हणाले. बहिणीच्या नजरेपुढे कसलं पिकअप?

अक्का डोळ्याला हिरवी पट्टी लावून भिंतीला टेकून बसली होती. तिनं ताट बाजूला सरकवलं.

"महिन्यातून किती येळा इंजेक्शन हाय माझं?"

"एकदा," मी म्हणाले.

"मंग ती एका दिसाची गाडी. बाकीच्या दिसांची कुणाची?"

तिनं यांच्याकडे बोट केलं.

"गौतमराव, तुम्ही सांगा. एका दिसासाठी हिनं महिनाभर न आवडणारी गाडी हाकायची व्हय? त्या एका दिसाला मला एसटी हाय, रेल्वे हाय, ही प्रज्ञा हाय, दारात दहा ऑटो हायत. माझा डोळा काय हिच्या गाडीला टांगलाय?" मग माझ्याकडे वळून, "आन् सुमे, तू काल गाडी चालवताना हसून राहिली होतीस. मला एका डोळ्यानं दिसलं."

काल नव्हे, सकाळीच, असं मी सांगणार होते. ते सोडून मी तिचं ताट परत तिच्यापुढे सरकवलं.

यांनी एकच अट घातली. तारखेच्या दिवशी घरून तासभर आधी निघायचं आणि एसटीचं वेळापत्रक त्यांच्या खिशात राहील. लाल आमची झाली.

आता इथे मी लिहायला हवं की लाल कधी बंद पडली नाही. तसं झालं नाही. इंजेक्शनच्या तिसऱ्याच तारखेला अक्काला घेऊन येताना हिमायतनगर सोडलं आणि समोर पिवळा दिवा लागला. गाडी बंद पडली नाही, पण जीव गेल्यासारखी चाळिशीच्या पुढे सरकेना. सेन्सर! अक्काच्या नजरेशी आपण खेळलो, असं वाटून मी गाडी कडेला घेतली.

हे मात्र कसे खुलले म्हणून सांगू! खिशातून कागद काढला, घड्याळ बघितलं. "येईल आत्ता," म्हणाले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर करून उभे राहिले. लाल एसटी आली, थांबली. ड्रायव्हरनं यांना बघून "राम राम, साहेब" केलं. अक्का कुणाचा हात न धरता पायरी चढली, खिडकीतून मला म्हणाली, "तू ये मागून, सावकाश," आणि दोघं निघून गेले. मी चाळिशीनं नांदेडला पोचले तेव्हा अक्का पट्टी लावून, डाळिंब सोलत बसली होती. इंजेक्शन वेळेवर झालं होतं. म्हणजे अक्काला लाल गाडीनंच पोचवलं, फक्त ती माझी नव्हती. यांनी पुढचे कित्येक दिवस भेटेल त्याला हे सांगितलं.

पार्ट हैदराबादहून आला, गाडी पूर्ववत झाली. पुढच्या महिन्यात सगळं सुरळीत पार पडलं. अक्काला इस्लापूरला सोडलं, सहस्रकुंडाचा धबधबा बघितला आणि परतीला आम्ही दोघंच. हे नेहमी मागे बसतात, त्या दिवशी पहिल्यांदा डावीकडे बसले.

रस्ता मोकळा झाला. तिसऱ्या गिअरला मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला आणि सहज नजर गेली. यांचा उजवा पाय ताठ, टाच उचललेली, चप्पल पुढे मॅटवर रुतलेली. जिथे काहीच नाही तिथे हे जिवाच्या आकांतानं ब्रेक मारत होते.

"पाय!" मी ओरडले.

ते दचकले. "मंग काय करू? हिकडं थांबवायची सोयच न्हाई!"

मी इतकी हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. वीस वर्षं माझ्याकडे थांबवायची सोय होती आणि पळवायची नव्हती, आणि हा माणूस थांबवायची सोय नाही म्हणून माझ्याशी भांडत होता. हसता हसता मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी ऐकलं. खाली वाकून चपला काढल्या, सीटबेल्ट नीट केला आणि एसटीच्या बाकावर बसावं तशी सीटवर चक्क मांडी घातली. दोन्ही पाय पोटाशी.

"हं," म्हणाले. "आता माझा पाय न्हाई. तुझा ठेव."

मी ठेवला.